नाव बांधायची कुठे?

फ्रान्सच्या कालव्यांवर फिरायला बोट भाड्याने मिळते, आणि ती चालवायला परवाना लागत नाही. कंपनीचा माणूस तासाभरात सुकाणू, गिअर आणि पाण्याची टाकी दाखवतो, मग एक हातोडा आणि दोन लोखंडी मेखा हातात देऊन निघून जातो. त्या मेखांकडे तेव्हा कोणी नीट बघत नाही. त्यांची किंमत संध्याकाळी कळते. पुढच्या गावाचा धक्का आधी पोचलेल्यांनी अडवलेला असतो आणि दुसरा धक्का दोन लॉकपलीकडे. लॉकचा माणूस सातला घरी गेलेला. मग काठाला लागायचं आणि मेख ठोकायची. काठाला लागायला जावं तर बोट हातभर अलीकडेच चिखलात रुतते.

आपल्याकडे कालवा म्हटलं की पाटाचं पाणी, आवर्तन, पाटकरी आणि टेलच्या शेतकऱ्याची तक्रार डोळ्यांसमोर येते. फ्रान्सचे हे कालवे माल वाहण्यासाठी खणले. नाव एका टोकाला भरायची, दुसऱ्या टोकाला रिकामी करायची. वाटेत कोणी वाटेल तिथे थांबून काठावर टेबल मांडून वाइन पीत बसेल, हे खणणाऱ्यांच्या हिशेबात नव्हतं. आजच्या सुटीतल्या बहुतेक फजित्यांचं मूळ या जुन्या हिशेबात सापडतं.

दक्षिणेतला कनाल द्यु मिदी घ्या. मिठावरचा कर वसूल करण्याचा मक्ता घेतलेला पिएर-पॉल रिके हा बेझिए गावचा माणूस. तुलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंत नाव नेता येईल, ही कल्पना त्याने मनावर घेतली. तुलूझच्या पुढे गारोन नदी अटलांटिककडे जातेच, त्यामुळे दोन समुद्र जोडले जाणार होते. अडचण पाण्याची होती. वाटेत नोरूझचा उंचवटा आहे, १८९ मीटरचा, आणि कालवा तिथून दोन्ही बाजूंना उतरणार, म्हणजे माथ्यावर पाणी आणायला हवं. रिकेने ते काळ्या डोंगरातल्या ओढ्यांतून आणलं आणि साठवायला सँ-फेरेओलचं धरण बांधलं. चौदाव्या लुईने १६६६ साली हुकूम काढला आणि पुढच्या वर्षी काम सुरू झालं. काम ऐन जोरात असताना हजारो माणसं खपत होती. रिकेने स्वतःचा पैसा ओतला, कर्जं काढली आणि १६८० मध्ये, काम पुरं व्हायला काही महिने उरले असताना, तो गेला. १६८१ मध्ये कालवा सुरू झाला. लांबी २४० किलोमीटर.

आता तो चिखल. कालव्याचे काठ भिंतीसारखे सरळ नसतात. मातीचा काठ टिकावा म्हणून त्याला उतार द्यावा लागतो. मिदीची रुंदी पाण्याच्या पातळीवर साधारण वीस मीटर, तर तळाशी साधारण दहा. मालाची नाव मध्यातून जायची आणि काठाने घोडा चालायचा. काठाशी खोल पाणी असण्याची गरजच नव्हती. थांबायचं तिथे दगडी धक्के बांधले होते, ठरावीक अंतरावर. पुढे प्रवासी नावा सुरू झाल्या, तेव्हा तुलूझहून समुद्राकडच्या आग्द गावापर्यंत चार दिवस लागत. दुपारच्या जेवणाची ठिकाणं वेगळी, रात्रीच्या मुक्कामाची वेगळी. ल सोमाय हे वाइनच्या मुलखातलं गाव असा एक मुक्काम होतं, पुलाशी खानावळ, चॅपेल वगैरे. आज तिथे बोट बांधायला जागा मिळाली तर नशीब समजायचं.

सगळ्यांनाच मुक्कामाची चिंता नव्हती. थॉमस जेफरसन अमेरिकेचा अध्यक्ष व्हायच्या आधी पॅरिसमध्ये आपल्या देशाचा राजदूत म्हणून होता. मे १७८७ मध्ये तो या कालव्यावरून गेला. त्याने आपल्या घोडागाडीची चाकं काढायला लावली, गाडी नावेवर ठेवली आणि तिच्या काचांतून दोन्ही काठ बघत, बुलबुल ऐकत प्रवास केला. कंटाळा आला की उतरून काठाने चालायचा. मजेत होता, पण डोळे उघडे होते. लॉकच्या झडपा उघडण्यात किती वेळ जातो हे त्याने टिपून ठेवलं आणि त्या झटपट उघडतील अशी युक्तीही कागदावर काढली. पर्यटकाने लॉकपाशी अस्वस्थ होण्याची परंपरा निदान एवढी जुनी आहे.

लॉक म्हणजे दोन दरवाजांमधलं दगडी कुंड. नाव आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी भरायचं किंवा सोडायचं आणि पुढचा दरवाजा उघडायचा. याची पहिली नोंद चीनमधली आहे. तिथे आधी नावा उतरंडीवरून दोरांनी ओढून चढवत. त्यात त्या फुटत, आणि फुटल्या की सरकारी धान्य चोरीला जाई. इसवी सन ९८४ मध्ये छ्याव वेइयुए नावाच्या वाहतूक अधिकाऱ्याने मोठ्या कालव्यावर दोन दरवाजांचं कुंड बांधलं. चोरी थांबवायला काढलेला हा उपाय. युरोपात इटलीने पंधराव्या शतकात लॉकं बांधली. पाण्याच्या येण्याकडे टोक करून मिटणारे, पाण्याच्या दाबानेच घट्ट बसणारे जोडदरवाजे तिथेच आले. त्यांचं श्रेय लिओनार्दोला देतात. फ्रान्समध्ये डोंगर ओलांडणारा पहिला कालवा म्हणजे ब्रिआरचा. चौथ्या हेन्रीच्या काळात १६०४ साली सुरू झाला आणि १६४२ मध्ये पुरा झाला. त्यावर रोन्यी गावी एकाखाली एक सात लॉकांचा जिना आहे, आता कोरडा, नुसता पाहायचा.

रिकेची लॉकं मात्र वेगळी दिसतात. ती लंबगोल आहेत. आधी त्याने सरळ भिंतींची बांधायला घेतली होती, तर त्यातल्या एकाची भिंत बाहेरच्या मातीच्या रेट्याने आत कोसळली. कमान डोक्यावरचं ओझं पेलते, मग आडवी घातली तर बाजूचं का पेलणार नाही, असा साधा विचार. भिंती बाहेरच्या बाजूला फुगवल्या आणि त्या साडेतीनशे वर्षं टिकल्या. त्याची किंमत आज सुकाणूवरचा माणूस देतो. सरळ भिंतीला बोट कुशीने टेकते, इथे मधे पोकळी राहते. खालून लॉकमध्ये शिरलं की वरच्या दरवाजातून पाणी धबधब्यासारखं येतं, बोटीचं नाक एका बाजूला वळतं आणि मागचा भाग शेजाऱ्याच्या अंगावर जातो. शेजारी जर्मन असेल तर शांतपणे बांबूने ढकलतो, फ्रेंच असेल तर बोलतो. बेझिएच्या फोंसेरानला अशा कुंडांची सलग रांग आहे. तिथे पुलावर बघ्यांची गर्दी असते. कशासाठी, ते सांगायला नको.

चढताना गोंधळ होतो, खरा धोका उतरताना. दोर खुंटाला गाठ मारून बांधला आणि पाणी उतरायला लागलं, की बोट दोरावर लटकते. म्हणून लॉकमध्ये दोर बांधायचा नसतो. खुंटाला एक वेढा देऊन दुसरं टोक हातात धरायचं आणि पाणी उतरेल तसतसं सोडत जायचं. दुसरा सापळा वरच्या दरवाजाखालच्या दगडी पायरीचा. बोट फार मागे राहिली तर पाणी खाली जाताना तिचा पार्श्वभाग त्या पायरीवर अडकतो आणि नाक खाली जातं. आता पुष्कळ लॉकं आपोआप चालतात. भिंतीवर दोन दांडे असतात. निळा उचलला की काम सुरू, लाल ओढला की सगळं ठप्प. उतरताना कुणाला तरी लाल दांड्याजवळ उभं करणं शहाणपणाचं, एरवी घरातल्या कुठल्याही वादात ज्याचं मत विचारलं जात नाही असा माणूस त्या कामाला फार उपयोगी पडतो.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि कालव्यांचा भाव उतरला. मिदी तर १८५८ पासून चाळीस वर्षं चक्क रेल्वे कंपनीकडेच भाड्याने होता, म्हणजे उंदीर मांजराच्या ताब्यात. त्यावर उपाय म्हणून सार्वजनिक बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने याने १८७९ साली कायदा करून देशभराचं एक माप ठरवलं. लॉक ३८.५ मीटर लांब, ५.२० मीटर रुंद. त्यात मावणारी मालाची नाव म्हणजे पेनिश, रुंदी ५.०५ मीटर. दोन्ही बाजूंना मिळून पंधरा सेंटिमीटर. या मापात पेनिशवाल्यांच्या पिढ्या गेल्या, घोडा गेला, इंजिन आलं. काही उत्तरेकडच्या कालव्यांवर ती अजून धान्य आणि वाळू वाहते.

मेखांची खरी परीक्षा इथे होते. भरलेली पेनिश अरुंद कालव्यातून जाते तेव्हा पाण्याला बाजूने जायला जागा उरत नाही. पुढून पाणी फुगतं, मग बाजूंनी मागे धावतं, काठाची पातळी क्षणात हातभर उतरते आणि बांधलेली बोट आधी पुढे, मग मागे हिसके खाते. ओल्या मातीतली मेख दुसऱ्या हिसक्यालाच बाहेर येते. चहा करत असताना खिडकीतून समोरचं झाड सरकताना दिसलं, तर झाड जागचं हललेलं नसतं. जाणते लोक मेख बोटीपासून बाहेर तिरकी ठोकतात, दोर लांब सोडतात, पुढचा मागे आणि मागचा पुढे असे दोन जादा दोर घेतात आणि पेनिश येताना दिसली की चहा खाली ठेवतात.

मिदीवर मेखेला पर्याय म्हणून झाड होतं. सुमारे बेचाळीस हजार प्लेन झाडं, बरीचशी एकोणिसाव्या शतकात लावलेली. त्यांच्या मुळ्यांनी काठ धरून ठेवला आणि सावलीने पाण्याची वाफ रोखली. पण या झाडांना मारणारी एक बुरशी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ती फ्रान्सला आली, असं सांगतात. मिदीवर ती २००६ मध्ये सापडली. ती मुळांतून मुळांत जाते, पाण्यातून वाहते आणि झाडाला बांधलेल्या दोराने किंवा मुळ्यांवर घासलेल्या बोटीने केलेल्या जखमेतून आत शिरते. उपचार नाही. हजारो झाडं तोडून जाळावी लागली आणि जागी दुसऱ्या जातींची रोपं लावली जात आहेत. आज झाडाला दोर बांधणं हा गुन्हा आहे.

काठाच्या वाटेचंही असंच. ती वाट दोरासाठीच जन्मली. घोडा, त्याच्या मागे ताणलेला लांब दोर आणि दोराला नाव. विहिरीच्या थारोळ्यावर पडतात तशा खाचा या दोरांनी जुन्या पुलांच्या दगडी कडांना पाडल्या आहेत. आता त्या वाटेवर सायकली धावतात आणि बोटीपासून वाट ओलांडून झाडाझुडपापर्यंत आडवा ताणलेला दोर अंधारात कुणाच्या तरी गळ्याशी येऊ शकतो. त्यामुळे मेख वाटेच्या अलीकडेच, म्हणजे जिथे माती सर्वांत ढिली तिथे, ठोकावी लागते.

मौजेसाठी फ्रेंच पाण्यावर जाण्याचा नाद रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनलाही होता. १८७६ मध्ये मित्रासोबत तो दोन वल्हवायच्या होड्यांतून बेल्जियमहून निघाला. फ्रान्समधल्या ओआज नदीला पूर होता. आडव्या पडलेल्या झाडाने त्याला होडीबाहेर फेकलं आणि होडी त्याच्याविना पुढे गेली. तो खोडाला लटकून राहिला, हातातलं वल्हं मात्र सोडलं नाही. या प्रवासाचं त्याचं पुस्तक १८७८ मध्ये आलं. प्रवासानंतर, पुस्तक येण्याआधीच, आपण कालव्यावरच राहायचं, असं दोघा मित्रांच्या मनाने घेतलं होतं. मोरे गावी त्यांनी एक मोठी नाव घेतली, तिचं नाव ‘कोलोनच्या अकरा हजार कुमारिका’. सुताराला कामाला लावलं, कामगारांना हुरूप यावा म्हणून पुलाजवळच्या खानावळीत शॅम्पेन पाजली. पैशाचं काय झालं यावर तो फार बोलत नाही. नाव त्याच धक्क्याला पडून राहिली, कुजली, एकदाही घोड्याला जुंपली गेली नाही. शेवटी वैतागलेल्या सुताराने ती विकून टाकली आणि तिच्याबरोबर त्या दोन होड्याही.