‘लॅप्स’ आणि ‘खालसा’

गोराईच्या खाडीवर नावेची वाट पाहत असता दोघा मच्छीमारांचे संभाषण कानी पडले. “हप्ते राहिले आणि पॉलिसी लॅप्स झाली,” असे एकाने सांगताच दुसऱ्याने विचारले, “म्हणजे पैसे बुडाले ना?” पहिल्या वाक्यात कोणी कोणाचे काही घेतलेले दिसत नाही, एक गोष्ट आपोआप संपली एवढेच कळते. दुसऱ्या वाक्यात हानी झाली हे उघड होते. याच इंग्रजी शब्दाने एकोणिसाव्या शतकात मराठी राज्ये संपविली. त्या घटनेसाठी मराठीत जो शब्द रूढ झाला, तो त्याचे भाषांतर नव्हे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

‘लॅप्स’ हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचा अर्थ घसरणे, निसटणे असा आहे. इंग्रजी कायद्यात त्याला दोन ठिकाणी विशेष स्थान होते. चर्चमधील रिक्त जागेवर नेमणूक करण्याचा हक्क धारकाने मुदतीत बजावला नाही, तर तो ‘लॅप्स’ होऊन बिशपकडे जाई; आणि मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधीच देणगीचा मानकरी वारला, तर ती देणगी ‘लॅप्स’ होई. वारसाअभावी जमीन वरिष्ठ धन्याकडे परत जाणे, यासाठी मात्र त्या कायद्यात ‘एस्चीट’ ही निराळी संज्ञा होती. तिच्यात घेणारा धनी दिसतो. ‘लॅप्स’मध्ये दिसते ती केवळ गमावणाऱ्याची उणीव.

या उणिवेचाच आधार साताऱ्यास घेण्यात आला. १८१९ च्या तहाने कंपनीने प्रतापसिंह महाराजांना व त्यांच्या वारसांना राज्य दिले. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांस गादीवर बसविले. आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी निवर्तले. मृत्यूपूर्वी काही तास त्यांनी दत्तकविधान केले होते. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक हा पुत्रच होय. तेव्हा वारस नव्हता असे म्हणण्यास जागा नव्हती. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचाही कल दत्तक मान्य करण्याकडे होता. परंतु लॉर्ड डलहौसीने ऑगस्ट १८४८ च्या आपल्या टिपणात दत्तकास खाजगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही, कारण त्यास वरिष्ठ सत्तेची संमती नाही, अशी भूमिका घेतली. जानेवारी १८४९ मध्ये संचालकांनी ती मान्य केली. म्हणजे संमती जिने द्यावयाची तिनेच ती नाकारली, आणि त्या नकाराच्या फळास ‘निसटणे’ असे नाव दिले! ही युक्ती सर्वस्वी डलहौसीची म्हणणे मात्र न्यायाचे नाही. दत्तकास संमती हा अपवाद असावा, नियम नव्हे, असे संचालकांनी १८३४ मध्येच ठरविले होते, आणि कुलाब्याचे आंगऱ्यांचे संस्थान साताऱ्यापूर्वीच वारसाअभावाच्या सबबीखाली गेले होते. १८५४ मध्ये झाशी व नागपूर त्याच वाटेने गेली.

मराठीत या सर्वांस ‘संस्थान खालसा झाले’ असे म्हणतात. ‘खालसा’ हा अरबी-फारसी शब्द. मूळ अर्थ शुद्ध, निर्भेळ. मोगली कारभारात ज्या मुलखाचा वसूल जहागीरदाराकडे न जाता थेट बादशाही खजिन्यात येई, तो खालसा. मराठी दप्तरांतही इनाम-जहागिरीहून वेगळ्या सरकारी जमिनीस हाच शब्द आहे. (शिखांच्या ‘खालसा’ पंथाचे नाव त्याच धातूचे.) तेव्हा राज्य खालसा झाले म्हणजे त्याचा वसूल सरकारात गेला. इंग्रजी शब्द शेवट सांगतो. मराठी शब्द लाभ कोणास झाला ते सांगतो. शिवाय ‘खालसा झाले’ या अकर्मक प्रयोगाशेजारी ‘खालसा केले’ हा सकर्मक प्रयोग नेहमीच उपलब्ध असतो, आणि कर्ता विचारता येतो. शालेय इतिहासातील ‘दत्तक वारसा नामंजूर करून संस्थाने खालसा केली’ हे रूक्ष वाटणारे वाक्य या दृष्टीने मूळ टिपणापेक्षा अधिक प्रामाणिक आहे, असे माझे मत आहे.

१८५७ नंतर हे धोरण सोडण्यात आले. कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. शब्द मात्र परत आला. १९४७ च्या स्वातंत्र्याच्या कायद्याने संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्ता ‘लॅप्स’ होते असे जाहीर केले. १८४८ मध्ये या शब्दाने राज्य वरिष्ठ सत्तेकडे नेले. १९४७ मध्ये वरिष्ठ सत्ताच कोणाच्याही हाती न जाता संपली. पुढे १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई प्रांतात आले, त्यास राजपत्रांच्या वळणाची भाषा ‘विलीनीकरण’ म्हणते. लोकांच्या बोलण्यात मात्र तेव्हाही संस्थाने ‘खालसा’च झाली.

आज सरकारी कचेऱ्यांत ‘लॅप्स’ ऐकू येतो तो मुख्यतः मार्चअखेर. ३१ मार्चपर्यंत न खर्चिलेले अनुदान लॅप्स होते, असे कारकून म्हणतो. गावचा सरपंच म्हणतो, पैसे सरकारात परत गेले.