चिरनेरच्या वाटेवर: नाग्या कातकरी आणि खैराचं झाड

पनवेलात इतिहासाचा विषय निघाला की आपण कर्नाळा किल्ल्याकडे बोट दाखवतो, नाहीतर शिरढोणला, वासुदेव बळवंत फडक्यांच्या गावाकडे. ते बरोबरच आहे. पण आज आपण जरा आडबाजूला जाऊ. गव्हाण फाट्यावरून दिघोड्याच्या रस्त्यानं चिरनेरला.

आम्ही गेलो ते हुतात्मा स्मारक बघायला. 25 सप्टेंबर 1930 रोजी इथं जंगल सत्याग्रह झाला. आसपासच्या गावांतले शेतकरी, आदिवासी कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाले. सरकारी राखीव जंगलात लाकूड तोडून कायदा मोडायचा, एवढाच बेत. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ जण हुतात्मा झाले. कामावर असलेले मामलेदार जोशी यांचाही त्या गोळीबारात जीव गेला. पुढे खटला उभा राहिला, तेव्हा आरोपींच्या बाजूनं उभे राहिलेल्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

आता हुतात्म्यांची नावं बघा. म्हात्रे, पाटील, शिंदे. आणि त्यांच्यात एक नाव, नाग्या महादू कातकरी. आडनावाच्या जागी जमातीचं नाव. आम्ही तिथं थोडे थांबलो, कारण या एका शब्दात त्या दिवसाचं कारण सापडतं.

कातकरी म्हणजे कात करणारा. खैराचं झाड तोडायचं, आतल्या लाल गाभ्याच्या ढलप्या काढायच्या, त्या मडक्यात उकळायच्या, पाणी आटवून घट्ट करायचं. हा झाला कात. आपल्या पानाच्या विड्यात रंगतो तो हाच. पण 1878 च्या आणि मग 1927 च्या वन कायद्यानं जंगल राखीव झालं. परवानगीवाचून तिथं लाकडाला हात लावणं गुन्हा ठरलं. म्हणजे ज्या कामावरून जमातीला नाव पडलं, तेच काम चोरी ठरलं. नाव राहिलं, धंदा गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, सावकाराची उचल आली, आणि आज दिवाळी सरली की कित्येक कुटुंबं वीटभट्टीवर जातात.

तेव्हा नाग्या त्या गर्दीत का होता, याचं उत्तर मिठाच्या सत्याग्रहाच्या लाटेत जसं आहे, तसं या खैरातही आहे. शाळेच्या पुस्तकात पहिलं येतं. दुसऱ्यासाठी डोंगराकडे बघावं लागतं.

इथं कुणी म्हणेल, झालं गेलं, त्याचं आता काय? तर ऐका. 2006 चा वनहक्क कायदा म्हणतो, 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून आदिवासी कुटुंबाचा ज्या वनजमिनीवर ताबा आहे, तिच्यावर त्याचा हक्क मानावा. पण पुरावा हवा. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कागद नव्हता, त्यांनी तो कुठून आणायचा? या कायद्याच्या नियमांत एक सोय आहे. जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवाची ठिकाणं पुरावा म्हणून चालतात. आणि दावेदार सोडून वाडीतल्या इतर म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहून काढलं, तर तेही चालतं.

आपण ज्याला वारसा म्हणतो, तो अशा वाडीच्या हातात जमिनीचा दाखला असतो. देवाचा दगड रस्त्याखाली गेला, गाठोड्यासारखी आठवण जपणारी आजी गेली, तर दाव्याचा पुरावाही गेला.

म्हणून चिरनेरला जाल तेव्हा स्मारकापाशी हात जोडाच. पण तिथूनच परत फिरू नका. डोंगराकडच्या वाडीवर जा, मोबाईल खिशात राहू द्या, बसायला सांगितलं तर बसा. जुन्या माणसांना विचारा, देव कुठं आहे, विहीर कुणी खणली, पूर्वी कात कुठं शिजायचा. ती सांगतील, आणि त्यांची हरकत नसेल तर ते तारखेसकट लिहून एक प्रत वाडीतच ठेवून या. इतिहास शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना एवढं तर जमतंच.