फारूक, अहमद, मुस्तफा आणि एक दुखावलेला गुडघा

वर्गावर हजेरी घेताना फारूक, अहमद, मुस्तफा ही नावं मी रोज उच्चारतो. आमच्या शाळेत यात नवल काहीच नाही. पण कधी ती लागोपाठ आली, की मला मिरजेतलं मामूंचं घर आठवतं. साल १९९७. मी अकरावीत. मामूंकडे केबल होती, आमच्याकडे नव्हती, आणि अमेरिकेतली डब्ल्यूडब्ल्यूएफची कुस्ती बघायला मोहल्ल्यातली आठ-दहा पोरं तिथे जमायची. मामेभाऊ पडद्याजवळ बसलेला. रिंगणात तीन-चार धिप्पाड काळे पैलवान मुठी उंचावून उभे राहिले, खाली इंग्रजीत नावं आली, आणि तो ओरडला, "अरे देख, सब अपनेच नामां हैं!"

खरंच होतं. फारूक, अहमद जॉन्सन, कामा मुस्तफा. आमच्या ट्रम्प कार्डांच्या जुन्या गठ्ठ्यात असं एकही नाव नव्हतं. उंची, वजन, छाती, दंड यांचे आकडे आम्हाला पाठ होते, पण ते सगळे हल्क, अर्थक्वेक, अंडरटेकर. आपल्या हजेरीपटावरची नावं तिथे कशी पोचली, हा प्रश्न तेव्हा पडला नाही, फक्त आनंद झाला. प्रश्न पुढे बीएड झाल्यावर, वाचायची सवय लागल्यावर पडला. त्याचं उत्तर शोधताना कळलं, की ती तीन नावं एका रांगेत फक्त काही आठवडे उभी होती, आणि ती रांग मोडायला एक गुडघा पुरेसा ठरला.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. याला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात. निकाल आधी ठरलेला, कोण चांगला आणि कोण वाईट हेही ठरलेलं. कोल्हापूर-सांगलीच्या मातीतल्या माणसाला ही थट्टाच वाटते. मात्र पडणं, आपटणं खरं असतं, त्यामुळे दुखापतीही खऱ्या असतात. आणि गोष्ट रंगवायची म्हणून पैलवानांच्या टोळ्या बांधतात. टोळीत कोण घ्यायचा, कोण गाळायचा, हा नाटकातल्या पात्रनिवडीसारखा धंदा असतो. पात्र निवडणारे पडद्यामागे असतात.

आम्ही पाहिली ती टोळी म्हणजे 'नेशन ऑफ डॉमिनेशन'. नावातच सगळं आहे. अमेरिकेतल्या 'नेशन ऑफ इस्लाम'ची ती नक्कल होती. ही संघटना १९३०मध्ये डेट्रॉइटला सुरू झाली. इलायजा मुहम्मद यांनी ती वाढवली, माल्कम एक्स यांनी तिला आवाज दिला आणि १९६४मध्ये ते तिच्यातून बाहेर पडले. त्याच वर्षी हजला जाऊन आल्यावर त्यांचे विचार किती बदलले हे आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. नेशनच्या श्रद्धा आणि आपण ज्याला इस्लाम म्हणतो तो, यांत मोठं अंतर आहे. १९७५मध्ये इलायजा मुहम्मद वारल्यावर त्यांच्या मुलाने, वारिथ दीन मुहम्मद यांनी, बहुतेक अनुयायांना सुन्नी इस्लामकडे वळवलं. लुई फर्राखान यांनी जुनी संघटना पुन्हा उभी केली. त्यांच्याच हाकेवर १६ ऑक्टोबर १९९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये लाखो काळे पुरुष जमले. त्यानंतर साधारण वर्षभरात कुस्तीच्या रिंगणात ही टोळी आली. तिच्या मागे सूट घातलेले गंभीर चेहऱ्याचे रक्षक चालायचे आणि सोबत एक वकीलही असायचा. अमेरिकन टीव्हीला ज्याची भीती वाटली ते वर्षभरात त्याच टीव्हीने तिकीट लावून विकलं.

टोळीचा म्होरक्या फारूक. खरं नाव रॉन सिमन्स. हा साधा माणूस नव्हे. २ ऑगस्ट १९९२ रोजी बाल्टिमोरमध्ये व्हेडरला हरवून तो प्रतिस्पर्धी कंपनीचा, डब्ल्यूसीडब्ल्यूचा, पहिला काळा जागतिक विजेता झाला होता. १९९६मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने त्याला घेतलं ते 'फारूक असद' म्हणून, डोक्यावर रोमन ग्लॅडिएटरसारखं शिरस्त्राण चढवून! अरबी नाव, रोमन टोप, आत फ्लोरिडातला फुटबॉलपटू. काही महिन्यांतच ते शिरस्त्राण गेलं, 'असद'ही गेला, आणि फारूक राहिला. एक गोष्ट मात्र उर्दूचा मास्तर म्हणून कबूल केलीच पाहिजे. त्यांनी नाव लिहिलं ते बरोबर लिहिलं. अलिफसाठी दोनदा ए, शेवटी काफसाठी क्यू. आमच्या शाळांच्या दाखल्यांवर बघा: फारुख, फारुक, फरूख, काय वाटेल ते. खोटं आणि खरं यांत फरक करणारा तो फारूक, हजरत उमर यांचा लकब, आणि इथे तो ठरवलेल्या कुस्तीतल्या खलनायकाला दिलेला.

पहिली टोळी अजब होती. फारूकच्या जोडीला हवाईचा गोरा क्रश आणि पोर्टो रिकोचा सावियो वेगा. आत येताना गाणं म्हणायला दोन गोरी पोरं. काळ्यांच्या हक्कांची भाषा करणाऱ्या टोळीत काळे लोक बहुतांशी मागे सूट घालून उभे! त्यांतला एक डीलो ब्राऊन पुढे आला, तेवढंच. याचं एक कारण कंपनीत काळे पैलवानच मोजके होते. पण फ्लॅश फंक होता ना. हवेत कोलांटी घेणारा, विलक्षण कसबाचा पैलवान. त्याला मात्र झगमगीत कोट आणि पिसाची टोपी घालून नाचवलं जात होतं. माझ्या मते फारूकच्या शेजारी तो पहिल्या दिवसापासून हवा होता. निवडणाऱ्यांना एका वेळी एकच राग परवडत होता असं दिसतं. बाकीच्या काळ्यांनी हसतमुख राहायचं.

जून १९९७मध्ये फारूक अंडरटेकरकडून हरला आणि त्याने डीलो सोडून सगळ्यांना हाकललं. यापुढची टोळी आधीपेक्षा मोठी आणि अधिक काळी असेल असं त्याने जाहीर केलं. हाकललेल्या क्रशने गोऱ्या मोटारसायकलवाल्यांची टोळी काढली, सावियोने पोर्टो रिकोवाल्यांची. वर्णावर वाटणी झाली आणि तिघांच्या मारामाऱ्या कंपनीने महिनोन्‌महिने दाखवल्या. नव्या नेशनमध्ये आधी कामा मुस्तफा आला. मग अहमद जॉन्सन.

अहमदचं येणं हा मोठा धक्का होता. वर्षभर फारूकचा सगळ्यात कट्टर वैरी तोच होता. २३ जून १९९६ला गोल्डस्टला हरवून तो इंटरकाँटिनेंटल विजेता झाला होता आणि पुढच्याच महिन्यांत मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे तो पट्टा त्याला सोडावा लागला. पुढे नेशनशी एकटा भिडला तोही तोच. आता तोच त्यांच्यात सामील. लगेच ६ जुलैला अंडरटेकरशी जागतिक अजिंक्यपदाची लढत ठरली. म्हणजे अहमद नावाचा पैलवान विजेतेपदाच्या दारात. मोहल्ल्यात ही बातमी मामेभावाने सायकलवर फिरून दिली.

पण ६ जुलैला अंडरटेकरसमोर व्हेडर उभा होता. अहमदचा गुडघा गेला होता.

ऑगस्टमध्ये तो परतला, तोवर त्याची जागा भरली होती. टोळीने त्याच्यावरच हल्ला केला, आणि त्याच्या जागी घेतला तो पोरगा होता रॉकी मायव्हिया. आज सगळं जग त्याला द रॉक म्हणून, सिनेमातला ड्वेन जॉन्सन म्हणून ओळखतं. तेव्हा त्याची अवस्था वाईट होती. वडील रॉकी जॉन्सन १९८३मध्ये टोनी अॅटलससोबत डब्ल्यूडब्ल्यूएफचे पहिले काळे जोडी-विजेते, आजोबा पीटर मायव्हिया समोअन पैलवान. घराण्याच्या पुण्याईवर कंपनीने त्याला हसरा, गोड नायक केला होता. २३ मार्च १९९७च्या रेसलमेनियात त्याच्यासमोर 'सुलतान' उभा केला होता: बुरखाधारी, मुका, सोबत इराणी शेख आयर्न शीक, आणि बुरख्याआड आणखी एक समोअन! इतका तयार खलनायक समोर असूनही लोक रॉकीच्या बाजूने पेटले नाहीत. पुढे तर प्रेक्षक त्याच्या मरणाच्या घोषणा द्यायला लागले. त्यात त्याचाही गुडघा दुखावला. तो घरी बसला, बरा झाला आणि खलनायक होऊन परतला.

दोघांचे गुडघे एकाच उन्हाळ्यात गेले. एक वेळेवर बरा झाला, एक झाला नाही.

अहमदचा गुडघा टिकला असता तर? मामेभाऊ अजून शपथेवर सांगतो, की अहमद विजेता झाला असता आणि रॉक कुठेतरी विमा विकत बसला असता. मला तसं वाटत नाही. अहमद दिसायला पर्वत होता, पण त्याचं बोलणं कळायचं नाही, आणि या धंद्यात जीभ ही दंडापेक्षा मोठी असते. शिवाय शरीर त्याला साथ देत नव्हतं. गुडघा नसता तर दुसरं काही झालं असतं. आणि रॉक थांबणारा नव्हता. टोळीत आल्यावर त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हाच सांगितलं, की प्रश्न कातडीच्या रंगाचा नाही, मला हवा आहे तो मान. एका वाक्यात त्याने फारूकच्या पायाखालची जमीन काढली. फारूक 'आम्ही' म्हणत होता, रॉक 'मी'.

पुढचं सगळं त्या दोन शब्दांतलं भांडण. १९९८च्या सुरुवातीला ऑलिंपिकला गेलेला वजन उचलणारा मार्क हेन्री टोळीत आला. एकदा रॉकने भेटी वाटल्या: डीलो, कामा आणि हेन्रीला सोन्याची घड्याळं, आणि म्होरक्याला, फारूकला, चौकटीत बसवलेलं स्वतःचं, म्हणजे रॉकचं चित्र. आम्ही तेव्हा पोट धरून हसलो. आज तो प्रसंग पाहिला की हसू येत नाही. मार्चअखेरीस टोळीने फारूकलाच बडवून बाहेर काढलं. मग टोळीत गोरा कॅनडियन ओवेन हार्ट घेतला गेला. त्या जुलैत डीएक्स नावाच्या गोऱ्यांच्या टोळीने नेशनची नक्कल केली, त्यात एकाने तोंडाला काळं फासलं होतं. प्रेक्षक खूश. वर्षअखेर नेशन संपली आणि १५ नोव्हेंबर १९९८ला रॉक विजेता झाला, तोही मालक मॅकमहनच्या कृपेने.

नावांचं काय झालं? मुस्तफा आधीच गळाला होता. कामा 'गॉडफादर' झाला, बायकांचा ताफा घेऊन फिरणारा दलाल. अहमद १९९८च्या सुरुवातीलाच कंपनी सोडून गेला. फारूक तेवढा टिकला, पण नव्या जोडीदाराबरोबर पत्ते कुटत आणि बिअर पीत. हजरत उमर यांचा लकब मिरवणारा माणूस बिअरच्या टेबलावर! अम्मीने हे कधी पाहिलं नाही हे बरं. आणि ज्याला खरोखर मोठं करायचं ठरलं, त्या रॉकला टोळीत असूनही कुणी मुस्तफा किंवा रशीद केलं नाही. ते नाव लावून दूर जाता येत नाही हे निवडणाऱ्यांना माहीत असावं. गंमत म्हणजे त्या रांगेतला एकही माणूस मुसलमान म्हणून तिथे नव्हता. नावं वेशभूषेच्या पेटीतून काढलेली होती, शिरस्त्राणासारखी.

खरा मुसलमान त्या रिंगणात नावाने ओळखला जायला बरीच वर्षं गेली. मध्ये २००५मध्ये एका इटालियन वंशाच्या अमेरिकन पैलवानाला मुहम्मद हसन करून घाणेरडा खेळ केला गेला. लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले त्याच दिवशी, ७ जुलैला, त्याच्या बुरखाधारी माणसांचा प्रसंग टीव्हीवर गेला आणि मग ते पात्रच गाडलं गेलं. त्यानंतर आला मुस्तफा अली. शिकागोकडचा, आधी पोलिसात असलेला, पाकिस्तानी-भारतीय घरातला. तो नायक म्हणून आला, आणि फेब्रुवारी २०१९मध्ये मोठ्या सामन्याच्या तोंडावर डोक्याला मार लागून बाजूला झाला. त्याच्या जागी कोफी किंग्स्टनला घेतलं. ७ एप्रिलला कोफी विजेता झाला, आफ्रिकेत जन्मलेला पहिला. मला मनापासून आनंद झाला. दरम्यान कंपनीने अलीच्या नावातलं 'मुस्तफा' काढून टाकलं होतं. वर्षभराने परत दिलं.

त्या रात्री मामेभावाला फोन केला. तो आता सांगलीत टायरचं दुकान चालवतो. मी म्हटलं, बघ, पुन्हा तेच झालं. तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "पर उसका घुटना तो ठीक था ना?"

"घुटना नहीं, सर," मी म्हटलं.

"फिर आएगा," तो म्हणाला, आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला.