दानातल्या स्वेटरची कांबळी

पूर-भूकंपानंतर छावण्यांतून वाटली जायची ती करडी, जाडीभरडी, अंगाला टोचणारी कांबळी बहुतेकदा पानिपतची असायची. तिचं मूळ शोधायचं तर इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या बॅटली गावी जावं लागतं.

नेपोलियनच्या लढायांमुळे तिथे लोकरीची चणचण होती. 1813च्या सुमारास बेंजामिन लॉने जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यात थोडी नवी लोकर मिसळली आणि त्याचं सूत कातलं. हीच शॉडी. चिंध्या फाडणाऱ्या दातेरी यंत्राला कामगार 'डेव्हिल' म्हणत. शेजारच्या ड्यूजबरीत मग युरोपभरच्या चिंध्यांचे लिलाव होऊ लागले.

दानाचे कपडे या धंद्यात नंतर आले. 1902 साली बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स या पाद्र्याने जुने कपडे गोळा करून ते गरिबांकडून दुरुस्त करवून विकायला काढले. 'गुडविल' संस्था त्यातून उभी राहिली. म्हणजे दान गरिबाच्या अंगावर जाण्याऐवजी दुकानात जायचं, हे तेव्हाच ठरलं. दुकानात न खपलेलं किलोवर व्यापाऱ्याला. यात लबाडी नाही, पण देणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. आपली बोहारीण बरी, साडीच्या बदल्यात भांडं मिळतं हे दोघींनाही ठाऊक असतं. 'ऑक्सफॅम' या ब्रिटिश मदतसंस्थेने 1970च्या दशकात दानाच्या कपड्यांचं वर्गवारी केंद्र काढलं तेही बॅटलीपासून जवळच, हडर्सफील्डला.

यॉर्कशरच्या गिरण्या बंद पडत गेल्या आणि काम पानिपतकडे आलं. फाळणीनंतर पाकिस्तानातून आलेले विणकर इथे वसले होते, माग होते, मजुरी स्वस्त होती. परदेशी गठ्ठे कांडला बंदरात उतरतात. घालण्याजोगे जुने कपडे परवान्याशिवाय देशात आणता येत नाहीत, म्हणून चांगल्या कोटांवरही आधी सुऱ्या चालवतात; चिंधी ठरल्याशिवाय त्यांना पुढे वाट नाही. मग पानिपतच्या गोदामांत बायका जमिनीवर बसून विळीसारख्या पात्यावर बटणं, चेन, लेबलं कापून काढतात. लाल, निळे, काळे ढीग वेगळे लावतात. हे ढीग म्हणजेच रंगकाम, कारण सूत पुन्हा रंगवावं लागत नाही. पिंजाई, कताई, विणाई झाली की कांबळी तयार, आणि तिची मोठी गिऱ्हाइकं असायची पुन्हा मदतसंस्थाच!

अलीकडे पॉलिस्टरच्या मऊ, हलक्या ब्लँकेटांनी हा बाजार खाल्ला. ती आता पानिपतातही बनतात.