सीडीच्या वयाचा ब्राउझर

मे २००८ मध्ये विंडोज एक्सपीचा तिसरा आणि शेवटचा सर्व्हिस पॅक लोकांच्या हाती आला. जवळजवळ सात वर्षांच्या दुरुस्त्या त्यात एकत्र बांधलेल्या होत्या. नव्हता तो फक्त इंटरनेट एक्सप्लोरर ७. हा ब्राउझर येऊन दीड वर्ष उलटले होते, तरी सर्व्हिस पॅक ३ ची नवी सीडी घालून विंडोज टाकले की समोर यायचा एक्सप्लोरर ६, डागडुजी केलेला पण मुळात २००१ चा. फेब्रुवारी २०११ मध्ये विंडोज ७ चा सर्व्हिस पॅक १ आला, तेव्हाही ब्राउझर आठवाच राहिला. त्यानंतर विंडोज ७ ला दुसरा सर्व्हिस पॅक मिळालाच नाही, त्यामुळे २०२० मध्ये आधार संपेपर्यंत त्या डीव्हीडीतून बाहेर पडणारा ब्राउझर २००९ चाच होता. ब्राउझर हा ऑपरेटिंग सिस्टीमचा अविभाज्य भाग आहे, असे मायक्रोसॉफ्टने अमेरिकेच्या न्यायालयात वर्षानुवर्षे सांगितले होते. तीच कंपनी सिस्टीमची डिस्क नव्याने काढताना हा अविभाज्य भाग मात्र जुनाच ठेवत होती. ही विसंगती भरून काढण्याचे काम कॉलेजच्या लॅब सांभाळणाऱ्यांच्या, ऑफिसांतल्या सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरांच्या आणि दुकानात बसून एकामागून एक मशीन फॉरमॅट करणाऱ्यांच्या अंगावर पडले. मूळ डिस्कची नक्कल करायची, तिच्यात नवा ब्राउझर मिसळायचा आणि आपली स्वतःची इमेज बनवायची, ही पद्धत त्यातून रुजली. ब्राउझर आणि सिस्टीम यांचे नाते खरोखर काय होते, याचा न्यायालयातल्या युक्तिवादांपेक्षा पक्का पुरावा या पद्धतीत सापडतो, असे मला वाटते. हे नाते तंत्रज्ञानाने घालून दिलेले नव्हते, ते व्यापाराने आणि वेळापत्रकाने ठरवलेले होते.

सुरुवातीला हे मिश्रण मायक्रोसॉफ्टनेच केले. ऑगस्ट १९९५ मध्ये दुकानात आलेल्या विंडोज ९५ च्या साध्या पेटीत ब्राउझर नव्हता. एक्सप्लोरर १ मिळायचा तो ‘प्लस’ नावाच्या वेगळ्या, विकतच्या संचात. पुढे संगणक उत्पादकांना दिल्या जाणाऱ्या सुधारित आवृत्त्यांमध्ये तो आत शिरला. १९९६ ची जी आवृत्ती फक्त नव्या संगणकांबरोबर मिळे, तिच्यात एक्सप्लोरर ३ होता. म्हणजे नाव तेच, विंडोज ९५, पण ब्राउझर कोणता हे तुमच्या हातातली डिस्क ठरवणार. डिसेंबर १९९७ मध्ये न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी आदेश दिला, की विंडोज हवे असेल तर एक्सप्लोररही घ्या अशी सक्ती उत्पादकांवर करता येणार नाही. त्यावर कंपनीने पर्याय पुढे केला तो एक्सप्लोररच्या फाइली काढल्यावर सुरूच न होणाऱ्या विंडोजचा. न्यायालयात मात्र नेहमीच्या अनइन्स्टॉलने एक्सप्लोरर काढून पाहिला, तर दीड मिनिटही लागले नाही आणि विंडोज चालत राहिले. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. ‘काढणे’ म्हणजे चिन्ह आणि खिडकी काढणे, की एचटीएमएल दाखवणारी सगळी यंत्रणा उपटणे, यावर सारे अवलंबून होते.

पुढच्या खटल्यात, मे १९९८ नंतर, हा प्रश्न अधिक बारकाईने तपासला गेला. प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी विंडोज ९८ मधून एक्सप्लोररने वेबवर जाण्याची वाट बंद करणारा प्रोग्राम लिहून दाखवला. तो चालवला की विंडोज संथ होते, हे सिद्ध करायला कंपनीने फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यायालयात एक चित्रफीत दाखवली. सरकारी वकील डेव्हिड बॉईस यांनी खिडकीच्या वरच्या पट्टीकडे बोट दाखवले. तिथली अक्षरे सांगत होती, की त्या दृश्यातल्या मशीनवर फेल्टन यांचा प्रोग्राम चाललेलाच नाही. पुढे प्रयोग पुन्हा करावा लागला, पण चित्रफितीची पत गेली ती गेलीच. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश रद्द केला. मात्र ब्राउझरचा कोड सिस्टीमच्या फाइलींत कालवणे आणि अनइन्स्टॉलच्या यादीतून एक्सप्लोरर गाळणे या गोष्टी स्पर्धेला मारक ठरवल्या. कायद्याच्या इतिहासात ही चर्चा इथे संपते. डिस्क बनवणाऱ्यांच्या इतिहासात ती इथून सुरू होते, कारण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक्सपी आला आणि त्याच्या पोटातला एक्सप्लोरर ६ पुढची पाच वर्षे जागचा हलला नाही.

एक्सपीची सीडी उघडली की ‘आय३८६’ नावाचे फोल्डर दिसे. हजारो फाइली, बहुतेक एकेक करून दाबलेल्या आणि त्यांच्या नावातले शेवटचे अक्षर जाऊन तिथे अधोरेषा आलेली. ‘एमएसएचटीएमएल’ आणि ‘विनइनेट’ या ब्राउझरच्या फाइली तिथेच, कर्नलच्या शेजारी, काही वेगळी खूण नसलेल्या. कोणती फाइल कुठे जायची हे सांगणाऱ्या याद्या निराळ्या, आणि फाइल खरी आहे याची ग्वाही देणारे सहीचे कॅटलॉग निराळे. सर्व्हिस पॅक मिसळायची सोय मायक्रोसॉफ्टनेच दिली होती: एक आज्ञा द्यायची, की सीडीच्या नकलेतल्या जुन्या फाइलींच्या जागी नव्या बसत. नव्या पिढीचा ब्राउझर मिसळणे त्याहून जिकिरीचे. सातव्या आवृत्तीने ‘आयईफ्रेम’सारख्या नव्या फाइली आणल्या, आणि जुन्या याद्यांना त्यांची नावे ठाऊक नव्हती. मग दोन मार्ग निघाले. एक, याद्यांमध्ये स्वतः ओळी घालून सगळे खरोखर एकजीव करायचे. दुसरा, नव्या ब्राउझरचा इन्स्टॉलर सीडीवर तसाच ठेवायचा आणि विंडोजचे सेटअप संपत आले की तो गुपचूप चालवायचा. सेटअपच्या निळ्या पडद्यावर ‘१३ मिनिटे बाकी’ असे दिसे त्या टप्प्याला दुरुस्त्यांची यादी वाचली जाई, आणि हे इन्स्टॉलर त्या यादीत बसवले जात. ज्यांनी कधी एक्सपी टाकले असेल त्यांना आठवेल, तो आकडा तिथे बराच वेळ अडून बसायचा. क्रोएशियातल्या दिनो नुहागिच यांनी बनवलेल्या ‘एनलाइट’ने ही सारी खटपट चौकटीवर टिचकी मारण्याइतकी सोपी केली, आणि मग हे कौशल्य जाणकारांच्या छोट्या वर्तुळाबाहेर पडले.

इथे मराठीचाही संबंध येतो, आणि तो ओढून आणलेला नाही. देवनागरीतली जोडाक्षरे, वेलांट्या आणि रफार जागच्या जागी बसवणारा ‘युनिस्क्राइब’ हा विंडोजचा घटक विंडोज २००० बरोबर आला, तसाच एक्सप्लोरर ५ बरोबरही आला. ब्राउझर नवा केल्याने लिपीची सोय यावी, इतके हे धागे गुंतलेले होते. एक्सपीत तर इंग्रजी आवृत्ती टाकल्यावर भारतीय लिप्यांसाठीचा आधार आपोआप सुरू होत नसे. कंट्रोल पॅनेलमधल्या प्रादेशिक भाषांच्या पानावर खूण करावी लागे, आणि विंडोज लगेच सीडी मागे. सीडी हाताशी नसेल तर युनिकोडमधले मराठी पान तुटलेल्या अक्षरांत वाचायचे. अशा वेळी इमेज बनवणाऱ्याचा निर्णय निर्णायक ठरे. एनलाइटमध्ये डिस्क हलकी करण्यासाठी भाषांचे घटक उडवता येत, आणि ‘लाइट’ एक्सपीच्या नादात पुष्कळांनी ते उडवले. काय ठेवायचे आणि काय काढायचे हे ठरवणारा कोणाच्या भाषेला जागा द्यायची तेही ठरवत होता, आणि बहुतेक वेळा त्याला याची कल्पनाही नव्हती.

पण एवढा आटापिटा कशासाठी? विंडोज टाकून झाल्यावर ब्राउझरचा इन्स्टॉलर चालवला की काम भागत नव्हते का? हा आक्षेप रास्त आहे, आणि घरच्या एका संगणकापुरता तो बरोबरही आहे. चाळीस मशीनची लॅब असेल तर हिशेब बदलतो: प्रत्येक ठिकाणी इन्स्टॉलर, रीस्टार्ट, मग त्या ब्राउझरच्या दुरुस्त्या, पुन्हा रीस्टार्ट. डायल-अपवर किंवा महिन्याला मोजून डेटा देणाऱ्या जोडणीवर तेच तेच डाउनलोड करणे परवडणारे नव्हते. याहून गंभीर मुद्दा सुरक्षिततेचा. ऑगस्ट २००३ मधल्या ब्लास्टर वर्मने दाखवून दिले, की दुरुस्त्यांविना नेटला जोडलेले विंडोज अपडेट उतरवून घेण्याआधीच बाधित होऊ शकते. ब्लास्टर ब्राउझरमधून शिरत नव्हता, हे खरे. पण दुरुस्त्या आणायला जायचे साधन म्हणजे एक्सप्लोररच होते, कारण एक्सपीत विंडोज अपडेटचे पान त्यातच उघडे. सर्वांत जुना ब्राउझर घेऊन नेटवर पहिले पाऊल टाकायचे, ही रचनाच धोक्याची होती. आतूनच नवी केलेली इमेज हा धोका पहिल्या मिनिटापासून कमी करी.

विस्टापासून सेटअपची पद्धतच बदलली. सुट्या फाइलींऐवजी ‘इन्स्टॉल.विम’ ही एकच मोठी फाइल आली. तिच्यात होम बेसिकपासून अल्टिमेटपर्यंतच्या अनेक आवृत्त्या क्रमांकाने लावलेल्या, आणि सामायिक फाइल एकदाच साठवलेली. विंडोज ७ बरोबर ‘डिस्म’ हे अधिकृत साधन मिळाले. हवी ती आवृत्ती एखाद्या रिकाम्या फोल्डरवर माउंट करायची, पॅकेज घालायचे, बदल कायम करून अनमाउंट करायचे, आणि पुढच्या क्रमांकासाठी हेच पुन्हा. एक्सप्लोरर ११ चा इन्स्टॉलर सोडवला की त्यातून ब्राउझरची मुख्य ‘कॅब’ निघे, शिवाय भाषेची वेगळी, आणि शुद्धलेखन व शब्दतोडीच्या आणखी दोन फाइली. पण ती कॅब थेट घालून भागत नसे. आधी काही पूर्वअटींच्या दुरुस्त्या घालाव्या लागत. त्यातली ‘केबी२६७०८३८’ विंडोज ७ च्या चित्र आणि अक्षर रेखाटण्याच्या पायाभूत घटकांनाच हात घालणारी. आणि सगळे नीट घातल्यावरही काही पॅकेजांपुढे ‘प्रलंबित’ अशी नोंद दिसे. त्यांचे उरलेले काम त्या इमेजमधून उभे राहिलेले मशीन पहिल्यांदा सुरू होताना पुरे होई. इमेज फुगली, इन्स्टॉल.विम चार जीबीच्या वर गेली, की फॅट३२ पेनड्राइव्ह तिला घेत नसे आणि तिचे तुकडे पाडावे लागत.

माझ्या मताला सर्वांत जड आक्षेप याच तपशिलातून निघतो. एक ब्राउझर बसवायला जर चित्ररेखाटनाचे पायाभूत घटकही बदलावे लागत असतील, तर तो सिस्टीमचा भागच नव्हे का? मायक्रोसॉफ्टचे म्हणणे मग खरेच नाही का? गुंता खरा होता, हे मी मान्य करतो. मदतीची पाने, कितीतरी हिशेबाचे प्रोग्राम, ईमेलच्या खिडक्या, हे सगळे एक्सप्लोररचेच इंजिन वापरत. एकच इंजिन सर्वांना पुरवण्याचा फायदाही खरा होता, आणि १९९८ मध्ये अपील न्यायालयाने जॅक्सन यांचा १९९७ चा आदेश रद्द करताना अशा फायद्याला महत्त्व दिले होते. पण त्याच जमिनीवर दुसरे काय उभे होते ते पाहायला हवे. सप्टेंबर २००८ मध्ये आलेला क्रोम आणि त्याआधीचा फायरफॉक्स आपापले इंजिन स्वतः आणत आणि खालच्या विंडोजला फारसे काही मागत नसत. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा एक्सप्लोरर ९ एक्सपीवर चढायला नकार देत होता, तर क्रोम २०१६ पर्यंत एक्सपीवर नवा होत राहिला. वेबची पाने तीच, विंडोज तेच, काम तेच. तेव्हा गुंता होता तो ब्राउझर लिहिण्याच्या एका निवडलेल्या रीतीत, आणि त्या निवडीची किंमत अशी की ब्राउझरचे वय डिस्कच्या वयाला बांधले गेले.

सर्व्हिस पॅकमध्ये नवा ब्राउझर न घालण्याचे कारणही इथेच आहे. मोठ्या कंपन्या, बँका आणि सरकारी कार्यालये यांचे अंतर्गत प्रोग्राम एक्सप्लोरर ६ आणि ॲक्टिव्हएक्सवर बेतलेले होते. ब्राउझर बदलला तर ते बंद पडणार. म्हणून सातवी आणि आठवी आवृत्ती आपोआप येऊ नये यासाठी मायक्रोसॉफ्टनेच अडसर घालायची साधने वाटली. वेब दर काही महिन्यांनी बदलत होते, कार्यालये दहा वर्षांत बदलत नव्हती, आणि दोघांना एकाच फाइलींवर भागवायचे होते. स्वतःची इमेज बनवणाऱ्याने हा पेच आपल्यापुरता सोडवला: माझ्या मशीनना कोणता ब्राउझर लागतो हे मी ठरवीन.

या पद्धतीला एक काळी बाजू होती. तयार ‘लाइट’ आयएसओ हातोहात फिरत, त्यात चोरीच्या चाव्या असत, कधी त्याहून वाईट काही. कोणी काय मिसळले हे न कळणारी इमेज ही सुरक्षिततेच्या नावाखाली मोठा धोका होती, आणि तिचे समर्थन होऊ शकत नाही. पण परवान्याच्या डिस्कवरून, मायक्रोसॉफ्टच्याच सहीची पॅकेजे घालून, स्वतःच्या संस्थेसाठी केलेली इमेज ही वेगळी गोष्ट आहे. मे २०१६ मध्ये कंपनीने विंडोज ७ साठी दुरुस्त्यांचा एकत्रित गठ्ठा दिला आणि तो इमेजमध्ये मिसळायलाही परवानगी दिली. जानेवारी २०१६ पासून विंडोज ७ वर फक्त एक्सप्लोरर ११ लाच दुरुस्त्या मिळत होत्या, तरी त्या गठ्ठ्यात एक्सप्लोरर ११ नव्हता. तो पुन्हा ज्याचा त्याने घालायचा.

जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर बांधलेला मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर आला आणि ब्राउझरचे अपडेट सिस्टीमपासून सुटे झाले. डिस्कमध्ये कोणती आवृत्ती आहे याला आता फारसे महत्त्व उरलेले नाही, कारण नेट मिळताच तो स्वतःला नवा करतो. जून २०२२ मध्ये विंडोज १० वरचा एक्सप्लोरर निवृत्त झाला. त्याचे इंजिन मात्र विंडोजमध्ये आहेच, आणि एजमधल्या ‘आयई मोड’ला किमान २०२९ पर्यंत आधार देण्याचे वचन आहे. खिडकी गेली, यंत्रणा राहिली. काढता येण्याचा प्रश्नही मिटलेला नाही. युरोपच्या डिजिटल बाजारपेठ कायद्याची मुदत मार्च २०२४ मध्ये आली आणि तिथल्या विंडोजमध्ये एज अनइन्स्टॉल करण्याची सोय झाली. ती मिळते ती युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या मशीनना. पुण्यातल्या किंवा पणजीतल्या मशीनवर विंडोज तेच असते, एजही तोच असतो, आणि अनइन्स्टॉलचे बटण दाबता येत नाही.