एमआरएसए: नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू अनेकांच्या नाकात व त्वचेवर त्रास न देता राहतो. जखमेतून आत शिरला, की गळू, न्यूमोनिया किंवा रक्तसंसर्ग होऊ शकतो. मेथिसिलिन १९५९ मध्ये आले आणि १९६१ मध्येच ब्रिटनमध्ये त्याला न जुमानणारा प्रकार नोंदवला गेला. तोच एमआरएसए. त्यावर अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन चालत नाहीत.

उपचार कोणते?

- लहान गळू: चिरा देऊन पू काढणे हा मुख्य उपचार. गरजेनुसार कोट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन.
- गंभीर संसर्ग: शिरेतून व्हँकोमायसिन, मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते. टायकोप्लॅनिन हा पर्याय.
- लिनेझोलिड: गोळीतूनही देता येते; दोन आठवड्यांहून जास्त घेतल्यास प्लेटलेट घटू शकतात.
- डॅप्टोमायसिन: रक्तसंसर्गात उपयोगी, न्यूमोनियात नाही, फुप्फुसातला स्राव ते निष्प्रभ करतो.
- लेव्होनाडिफ्लॉक्सासिन: मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीने विकसित केलेले, त्वचेच्या संसर्गासाठी, मधुमेही पायासह, २०२० मध्ये भारतात मान्यता.

निवड कशी होते?

पू किंवा रक्ताच्या कल्चर-सेन्सिटिव्हिटी तपासणीवरून. नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी द्यावा. अहवालाला साधारण दोन-तीन दिवस लागतात. नांदेडला विष्णुपुरी येथे व लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मधुमेह्याच्या पायाची जखम चिघळली, ताप-थंडी आली, तर मेडिकलमधून गोळ्या आणून वाट पाहू नये. चुकीच्या औषधावर गेलेले दिवस पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकतात.