युद्धबंद्यांची धिंड, कॅमेरा आणि कायद्यातील एक शब्द

२ फेब्रुवारी १९४४. दोस्त सैन्य अँझिओच्या किनाऱ्यावर उतरून अकरा दिवस झाले होते आणि जर्मनांच्या ताब्यातील रोममध्ये त्यांच्या पराभवाच्या वावड्या उठत होत्या. त्या दिवशी सुमारे दोनशे अमेरिकी युद्धबंद्यांना कोलोसियमपासून शहराच्या मुख्य रस्त्यांवरून सशस्त्र पहाऱ्यात चालवण्यात आले.

प्राचीन रोमचे विजयी सेनानी बंदिवानांची अशीच धिंड काढत. या वेळी मात्र कॅमेरे होते. चित्रफीत तयार झाली, इटालियन वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकली. त्यांखालील ओळीचा आशय असा, की इंग्रज-अमेरिकन अखेर रोममध्ये आले खरे, पण जर्मन संगिनींच्या मधून!

रोमचा जर्मन सेनाधिकारी कुर्ट मेल्त्सर याच्यावर यासाठी सप्टेंबर १९४६ मध्ये फ्लॉरेन्स येथे अमेरिकी लष्करी आयोगापुढे खटला चालला. (आर्देआतीनेच्या ३३५ जणांच्या हत्याकांडासाठी तो अधिक कुप्रसिद्ध आहे, हा खटला फारसा कोणाला आठवत नाही.)

प्रश्न १९२९ च्या जिनिव्हा कराराचा होता. त्याचे दुसरे कलम युद्धबंद्यांना हिंसा व अपमान यांच्यापासून संरक्षण देते आणि पुढे आणखी एक शब्द जोडते : लोकांचे ‘कुतूहल’.

फिर्यादीचे साक्षीदार म्हणाले, जमावाने काठ्या-दगड फेकले. बचावाचे म्हणाले, फुले आणि सिगारेटी. आदेश वरिष्ठांचा होता, हेतू अवहेलनेचा नसून अफवा शमवण्याचा होता, असे मेल्त्सरचे म्हणणे. पण ‘कुतूहल’ हा शब्द नीट वाचला, तर दगड की फुले हा वाद गौण ठरतो, असे मला वाटते. असहाय माणसाला प्रदर्शनाची वस्तू केले, की कलम मोडलेच. मेल्त्सरला दहा वर्षांची शिक्षा झाली. ती पुढे तीन वर्षांवर आली.

१७ जुलै १९४४ रोजी मॉस्कोत सुमारे ५७,००० जर्मन बंद्यांना असेच चालवले गेले, त्याचेही चित्रीकरण झाले. सोव्हिएत संघाने १९२९ च्या त्या करारावर सही केलेली नव्हती, आणि तो जेता होता. खटला कोणावरच झाला नाही.

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या १३ व्या कलमात तो शब्द कायम राहिला. १९९१ मध्ये इराकने पकडलेले वैमानिक दूरचित्रवाणीवर दाखवले, २००३ मध्ये अमेरिकी सैनिक; दोन्ही वेळी अमेरिकेने जिनिव्हा कराराचाच आधार घेतला. मात्र २००३ मध्ये शरण आलेल्या इराक्यांची छायाचित्रे पाश्चात्त्य वृत्तपत्रांतही सर्रास छापली जात होती.

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी विंग कमांडर अभिनंदन यांचा रक्ताळलेला, डोळ्यांवर पट्टी बांधलेला चेहरा आपल्या फोनवर आला. भारताने त्याच दिवशी जिनिव्हा कराराचा हवाला देऊन निषेध नोंदवला. पण ते जिवंत आहेत, हेही देशाला त्याच चित्रफितींतून कळले होते. १ मार्चला ते परतले. कराराचे बंधन त्यांना ताब्यात ठेवणाऱ्या राष्ट्रावर होते. ती चित्रफीत पुढे पाठवणाऱ्या लाखो हातांविषयी १३ वे कलम काहीच बोलत नाही.